काळ्या मेंढीची नोंद

सर, मी तुमच्यावर चिडलेली आहे. पूर्वीही होते, पण त्याचं कारण वेगळं होतं आणि ते खोटं निघालं. आता नवं कारण सापडलंय, आणि ते पहिल्यापेक्षा वाईट आहे, कारण त्यात निम्मी मी आहे. तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं झाली. हे पत्र टाकायला पत्ता नाही हे मला कळतं, मी काही भाबडी बाई नाही. पण जन्मभर वर्गात उभं राहून मोठ्यानं बोलल्यावर मनातल्या मनात भांडायची सवय उरत नाही, म्हणून कागद पुढे ओढला.

घाटकोपरची आपली शाळा, मराठी माध्यमाची, टेकडीच्या पायथ्याशी. तुम्ही नववी-दहावीला इंग्रजी शिकवायचात. गाइडच्या मागे वाक्प्रचारांची यादी असायची, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ, आणि पोरं ती पाढ्यांसारखी पाठ करायची. 'टू वॉश वन्स हॅन्ड्स ऑफ', म्हणजे अंग काढून घेणे. मी दुसऱ्या बाकावरून हात वर केला आणि विचारलं, "सर, हात धुतल्यानं अंग कसं काय निघतं?" तुम्ही खडू हातात धरून थांबलात. मग म्हणालात, "मला माहीत नाही." वर्ग खो-खो हसला. शिक्षकाच्या तोंडून असं वाक्य आम्ही कधी ऐकलंच नव्हतं. तुम्ही टेबलावर डस्टर आपटलात. "हसता काय रे? माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. त्यात लाज कसली? लाज थाप मारण्यात असते. शोधून सांगतो." पुढच्या सोमवारी तुम्ही आलात ते गोष्ट घेऊनच. एक सुभेदार, समोर ओरडणारा जमाव, आणि एका निरपराध माणसाला सुळावर द्यायचं की नाही हा प्रश्न. सुभेदार पाण्याचं भांडं मागवतो, सगळ्यांच्या देखत हात धुतो आणि म्हणतो, या रक्ताशी माझा संबंध नाही. मागून एक मुलगा म्हणाला, "आयला, म्हणजे हात धुऊन पण अडकलाच ना तो!" तुम्ही त्याला ओरडला नाहीत. उलट म्हणालात, "बरोबर. दोन हजार वर्षं अडकलाय."

ही गोष्ट तुम्ही कुठून आणलीत ते नंतर कळलं. आपल्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या बाई मरोळच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती, गावठाणातल्या. त्यांची म्हातारी आई घरीच असायची, तिला आम्ही सगळे मावशी म्हणायचो. शिकलेली फारशी नव्हती, पण बायबल तिला तोंडपाठ होतं, आणि ती ते तिच्या मराठीतून सांगायची. शनिवारी शाळा लवकर सुटली की तुम्ही आम्हा चार-पाच जणांना बसनं मरोळला न्यायचात. क्रॉसच्या मागे कौलारू घर, पुढे ओटा, मागे अंगण. उन्हाळ्यात त्या अंगणात बाया उंच मुसळांनी मसाला कुटत असायच्या आणि घरभर ठसका उठलेला असायचा. मी अजून ते स्वयंपाकघर पाहते आहे. फळीवर मसाल्यानं ठासून भरलेल्या बियरच्या गडद बाटल्या, चुलीजवळ मावशी पाटावर बसलेली, आणि तुम्ही तिच्यासमोर मांडी घालून मिरच्यांचे देठ खुडताय. फुकट गोष्ट सांगायची नाही, असा तिचा नियम होता. "मास्तर, हात चालू द्या, तोंड मी चालवते," म्हणायची. तुम्ही मध्येच हात पुसून वहीत लिहायचात. डोळ्याला तिखट लागून पाणी यायचं, तरी लिहायचात.

तिनं बोकडाची गोष्ट सांगितली तो दिवस मला चांगला आठवतो. 'स्केपगोट', म्हणजे बळीचा बकरा, हे कुठून आलं, असं तुम्ही विचारलं होतं. दोन बोकड आणायचे, मावशी म्हणाली, एक देवाला कापायचा आणि दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्या गावाची पापं त्याच्यावर घालायची, मग त्याला रानात हाकलून द्यायचा. मावशीनं मिरची टाकली आणि म्हणाली, "त्या बोकडाला कुनी इचारलं का पण? ते बिचारं आपलं पाला खायला मिलेल म्हनून खुशीत गेलं असेल." तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. 'रायटिंग ऑन द वॉल' तिच्याकडूनच मिळालं, राजाच्या मेजवानीत भिंतीवर लिहिणारा तो नुसता हात. 'फीट ऑफ क्ले'ही तिचंच, सोन्याच्या डोक्याचा आणि मातीच्या पायांचा पुतळा. बायबलमधलं काहीही विचारा, मावशी सांगणार, आणि तुम्ही रविवारी पाद्रीबाबांकडून ते ताडून घेणार. मगच शाईनं लिहिणार.

पण सगळं काही बायबलमधलं नव्हतं. लाकडाला हात लावून 'टच वूड' का म्हणतात? नाटकवाल्याला 'ब्रेक अ लेग', पाय मोडो, असं का म्हणतात? घरातल्या वाया गेलेल्या माणसाला काळी मेंढी का? ही तिकडच्या आजी-आज्यांकडची समजुतींची बाब, आणि घाटकोपर-मरोळमध्ये तिकडची आजी कुठून मिळणार? मावशी म्हणायची, "ते माज्या पुस्तकात नाय बाबा." वाचनालयातल्या डिक्शनरीत अर्थ होता, मूळ नव्हतं. मग तुम्ही आमच्याकडचंच पडताळून पाहायचात. माझी आजी कोकणातली. झाडात देवचार असतो आणि तिन्हीसांजेला झाडाखालून जाताना गप्प राहायचं, हे मी तुम्हाला सांगितलं. त्यावर तुम्ही म्हणालात, "तिकडेही झाडात कोणीतरी राहत असेल बघ. लाकडाला हात लावून त्याला सांगत असतील, दृष्ट लावू नको रे बाबा." मला ते फार आवडलं होतं.

बी.ए.ला असताना तुम्ही मला ती वही दिलीत. माझं अक्षर तुमच्या सगळ्या विद्यार्थ्यांत चांगलं, हे तुम्ही दहा जणांना सांगितलेलं. "स्वच्छ नक्कल करून दे गं. नवीन पोरांना वाचायला देता येईल. जसं आहे तसं उतरव." मी दिवाळीच्या सुट्टीत बसून ते केलं. निळी शाई, लाल शीर्षकं, प्रत्येक पानाला समास. वही नेऊन दिली तेव्हा तुम्ही पहिलं पान उघडून नुसतं बघत राहिलात. मी म्हटलं, "तपासून घ्या सर." तुम्ही म्हणालात, "तू उतरवलंस ना? मग काय तपासायचं?" मला काय अभिमान वाटला होता! आज ते वाक्य आठवलं की संताप येतो. आमच्या प्रत्येक वहीतल्या प्रत्येक स्वल्पविरामावर लाल शाई ओतणारा माणूस, आणि ही एकच वही त्यानं तपासली नाही.

बी.एड. झाले तेव्हा बाबांची गिरणी बंद पडून पाच वर्षं होत आली होती आणि घरात नोकरी लागण्याजोगी मी एकटीच होते. अंधेरीतल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जागा निघाली. मुलाखतीत सातवीच्या मुलांना एक धडा शिकवून दाखवायचा होता. मी वाक्प्रचार घेतले, दुसरं काय घेणार? त्यात काळी मेंढी सांगितली, तुमच्या वहीतून, शब्दन् शब्द. जुन्या काळी तिकडच्या घरांत कळपातली एक काळी मेंढी सैतानाच्या नावानं सोडत, तिची लोकर कातरत नसत, तिला कोणी आपली म्हणत नसे, म्हणून घरातल्या वाया गेलेल्या मुलाला काळी मेंढी म्हणतात. मुलं रंगून ऐकत होती. मुलं गेल्यावर समोर तिघं बसले होते, त्यातल्या मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, "व्हेरी इंटरेस्टिंग. विच बुक?" मी म्हटलं, माझ्या सरांनी सांगितलंय. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. काळ्या लोकरीला रंग चढत नाही, म्हणून धनगरांना ती मेंढी नकोशी असते, असं त्यांनी मला शांतपणे समजावलं. मग शेजारचे गृहस्थ हसत म्हणाले, "सरांनी त्यांच्या गावावरून आणलं असेल." तिघंही हसले. मला सगळ्यात जास्त काय झोंबलं सांगू? ते खरं होतं. देवाच्या नावानं सोडलेलं बोकड तुम्ही तुमच्या गावात लहानपणी पाहिलं होतं, धम्म घेतल्यावर तुमच्या घरानं ते सगळं सोडून दिलं, हे तुम्हीच कधीतरी बसमध्ये मला सांगितलं होतं.

नोकरी गेली ती गेलीच. मी तिथून घरी गेले नाही, थेट शाळेत आले. तुम्ही शिक्षकखोलीत वह्या तपासत होतात. मी बसलेही नाही.

"सर, काळ्या मेंढीचं कुठून आणलंत?"

"का गं, काय झालं?"

"हसले मला. कुठल्या पुस्तकात आहे म्हणून विचारलं."

"मग तू काय सांगितलंस?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगणार?"

तुम्ही पेनला टोपण लावलंत. कपाटातून माझी नक्कल काढलीत, ते पान उघडलंत, वाचलंत. मागची दोन-चार पानं चाळलीत. पुन्हा त्या पानावर आलात. मग वही मिटून हळूच टेबलावर ठेवलीत. मला वाटलं, शब्द शोधताहेत. मी थांबले नाही. "तुम्हीच सांगायचात ना, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा? लाज थाप मारण्यात असते म्हणून? मग हे काय आहे?"

"हो," तुम्ही म्हणालात.

"हो काय?"

"चुकलं." आणि खुर्ची पुढे सरकवून, "चहा घेतेस?"

मी चहा घेतला नाही. दाराशी वळून म्हटलं, "आमच्यासारख्या पोरांकडे दुसरं काय होतं सर? तुमचा शब्दच होता." अगदी तयार करून आणल्यासारखं वाक्य होतं ते, आणि मला त्याचा अभिमानही वाटला. त्यानंतर तुमच्या घरी मी गेले नाही. मुलुंडला मराठी शाळेत लागले तेव्हा पेढे भावाच्या हातून पाठवले. दोन वर्षांनी शिवणाच्या बाई रस्त्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "अगं, सर गेले, तुला कळवलं नाही कोणी?" सगळं होऊन तेव्हा पंधरवडा झाला होता.

यानंतर मी काय केलं ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. मुलुंडच्या वर्गात मी मुलांना दर वर्षी एक गोष्ट सांगायचे. माझे एक सर होते, चांगले होते, पण माहीत नसलेल्या गोष्टी माहीत असल्यासारख्या सांगायचे, आणि त्यापायी एका मुलीची नोकरी गेली. म्हणून कोणीही काही सांगितलं की विचारायचं, कशावरून? मलासुद्धा विचारायचं. पोरांना ते फार पटायचं. नाव मी कधी घेतलं नाही. पण एकेका तुकडीला, वर्षानुवर्षं, तुम्ही माझ्या तोंडून असे भेटलात. निवृत्त झाल्यावरही माझी खोड गेली नाही. व्हॉट्सअॅपवर वाक्प्रचारांच्या उगमाचे संदेश फिरत असतात. तिकडे गवताच्या छपरावर कुत्री-मांजरं झोपायची आणि पावसात घसरून खाली पडायची, म्हणून मुसळधार पावसाला 'कॅट्स अँड डॉग्ज' म्हणतात, असली अक्कल. मी लगेच लिहिते, पुरावा द्या. आमच्या निवृत्त शिक्षिकांच्या गटात एकीनं मला लिहिलं, "मॅडम, फुलं पाठवली तरी पुरावा मागाल."

आता शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी तुमची वही छापायचं ठरवलंय. संपादन मी करावं अशी त्यांची इच्छा. त्यांच्या समितीत मदतीला मुलुंडला माझ्याकडे शिकलेली एक मुलगी आहे, सून म्हणून घाटकोपरला आलेली, फार हुशार. पहिल्याच बैठकीत ती माझ्या कानाशी म्हणाली, "मॅडम, हेच का ते? थापाडे सर?" मी म्हटलं, "हो." एक शब्द. त्यात मला काही चुकीचं वाटलं नाही. मी मनात ठरवूनच टाकलं होतं की बायबलमधलं तेवढं ठेवायचं आणि तुमच्या थापा गाळायच्या, तुमच्याच भल्यासाठी.

परवा तुमची धाकटी लेक बोरिवलीहून पिशवी घेऊन आली. पिशवीत दोन्ही वह्या होत्या, माझी नक्कल आणि तुमची मूळ. मूळ वही मी तेव्हापासून पाहिली नव्हती. जेवणाच्या टेबलावर दोन्ही शेजारी उघडल्या आणि खिडकीच्या उजेडात मला दिसलं. तुमच्या वहीतल्या अकरा नोंदी पेन्सिलीनं लिहिलेल्या आहेत. टच वूड, पाय मोडो, काळी मेंढी, सगळ्या. बाकीच्या शाईनं. काही पेन्सिलीच्या नोंदींच्या समासात बारीक अक्षरात 'विचारणे' असं आहे. काळ्या मेंढीशेजारी तर 'कोणाला विचारावं?' असं. मी तिथेच बसले. मला आठवलं. मला सगळं स्वच्छ आठवलं, हेच तर वाईट आहे. त्या दिवाळीत मी ती पेन्सिल पाहिली होती. सर बसमध्ये लिहितात, हलत्या गाडीत शाईपेन कसं चालणार, म्हणून पेन्सिल, असं मी ठरवलं. समासातलं 'विचारणे' म्हणजे तुमचं आपलं खासगी टिपण, नकलेत ते कशाला, असंही मीच ठरवलं, आणि सगळं एकाच निळ्या शाईत उतरवलं. एकदा तुमच्याकडे येऊन विचारायला मला काय झालं होतं? पण मी विचारणारी नव्हतेच. मी नीटनेटकी होते.

आणि माझ्या नकलेत, त्याच अकरा नोंदींच्या बाजूला, तुमच्या अक्षरात, लाल शाईनं, 'अंदाज' असं लिहिलेलं आहे. अकरा वेळा. म्हणजे मी दारातून गेल्यावर तुम्ही बसून ते केलंत. म्हणजे वही उघडली त्याच क्षणी तुम्हाला कळलं होतं. आणि मला म्हणालात, "चुकलं."

का, सर? मला उत्तर हवंय. मुलीची नोकरी गेलीय, घरी अडचण आहे, त्यात तिला आणखी तिची चूक कशाला दाखवा, असं वाटलं असेल. कोणीही म्हणेल, किती मोठं मन. मी नाही म्हणणार. तुम्ही मला सांगितलं असतंत तर मी दोन दिवस रडले असते आणि तिसऱ्या दिवशी तुमच्याकडे येऊन बसले असते. आपली दोन वर्षं वाचली असती. मी तुमच्या अंत्ययात्रेला आले असते. इतक्या वर्षांच्या पोरांना मी तुमच्याबद्दल जे सांगितलं ते सांगितलं नसतं. विद्यार्थ्याची चूक त्याला दाखवायची नाही, ही कुठली माया? मी जन्मभर एका पोराची चूक सोडलेली नाही. पोरं रडली, त्यांचे आई-बाप भांडायला आले, मी सोडली नाही, आणि हे मी तुमच्याकडूनच शिकले होते. मग माझ्याच वेळी तुम्हाला काय झालं? मी ऐकून घेऊ शकणार नाही, असं वाटलं? की मी शिक्षकखोलीत ज्या आवाजात बोलत होते त्यात तुम्हाला जागाच मिळाली नाही? हे दुसरं मी परवापासून टाळते आहे, पण लिहून टाकलं.

गेले तीन दिवस मी त्या अकरा नोंदी ग्रंथालयातल्या चांगल्या कोशांतून तपासल्या. सात चुकीच्या आहेत, मेंढीचीही. चार मात्र अशा आहेत की मोठमोठ्या विद्वानांनीही तुमच्यासारखंच काहीतरी लिहिलंय आणि अलीकडे 'बहुधा' जोडलंय. पाय मोडो याचं मूळ दृष्ट लागू नये म्हणून वाईट बोलण्यात असावं, असं तेही म्हणतात. तुम्ही पेन्सिलीत लिहिलं होतंत, आपण बाळाला तीट लावतो तसंच असेल. लाकडाचं ते आजही भांडताहेत, झाडातला देव की पोरांचा शिवाशिवीचा खेळ. या समजुती कोणी लिहूनच ठेवल्या नाहीत, तर पुरावा कुठून यायचा? ते मरोळच्या स्वयंपाकघरात बसून तुम्हाला कळलं होतं. मला कोश उघडावे लागले.

पुस्तकात सगळ्या अकरा नोंदी राहतील. चुकीच्याही, वेगळ्या ठशात, तुमच्या 'विचारणे'सकट, खाली माझी टीप. समितीनं कुरकुर केली, म्हणाले मॅडम, चुकीचं कशाला छापायचं? मी म्हटलं, सर जसं लिहून गेले तसंच छापायचं, आणि या बाबतीत मी कोणाचं ऐकणार नाही. ऐकलं त्यांनी. माझं ऐकतात.

प्रस्तावना काल पूर्ण केली. त्या हुशार मुलीचा सकाळी फोन आला होता, छापायला द्यायचीय, पाठवा. तिला मी थापाडे सरांबद्दल अजून काही बोललेले नाही. प्रस्तावनेत तुमच्या शाईचं आणि पेन्सिलीचं सगळं नीट लिहिलंय, आणि पुढे असं वाक्य आहे की पुढील काळात झालेल्या नकलेत हा फरक राहिला नाही, त्यामुळे सरांविषयी गैरसमज पसरले. नक्कल कोणी केली आणि गैरसमज कोणी पसरवले, ते त्यात नाही. सकाळपासून ते वाक्य मी चार वेळा नव्यानं लिहिलं, सर. चारही वेळा माझं नाव त्यात आलेलं नाही.